वर्षाला तीन बोटं

अक्का,

तुझ्या शाळेतून फोन आला होता. शाळेच्या वार्षिक अंकात तुझ्यावर दोन पानं हवीत, भाऊ म्हणून तुम्हीच लिहिलेलं बरं, असं त्या नव्या बाई म्हणाल्या. मी हो म्हटलं. जन्म सावद्याचा, लग्न होऊन धरणगावला, भूगोलाच्या शिक्षिका, इतकी इतकी वर्षं नोकरी, मागे एक मुलगी, असं सगळं ओळीनं लिहून काढलं आणि वाचून पाहिलं. मोजणीचा पंचनामा झाला होता तो. चतुःसीमा बरोबर, आत माणूस नाही. तो कागद मी त्यांना पाठवून देईन, त्यांचं काम भागेल. हे मात्र तुला लिहितोय. आणि आधीच सांगून ठेवतो, मध्ये बोलू नकोस. आयुष्यभर मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस.

आपला वाद सुरू झाला तो दिवस मला पक्का आठवतो. मी मोजणी खात्यात नुकताच लागलो होतो आणि नव्या नोकरीचा वारा अंगात होता. आबांना मात्र मी नेमकं काय करतो ते कळत नव्हतं. पोरगा सरकारात साखळी ओढतो, असं ते गावात सांगायचे. मला त्यांचंच शेत मोजून दाखवायचं होतं. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, तू माहेरी आलेली, दुसरं कोणी मोकळं नव्हतं, म्हणून साखळीचं एक टोक तुझ्या हातात दिलं आणि वैशाखाच्या उन्हात तुला केळीच्या ओळीत उभं केलं. तेहेतीस फुटांची लोखंडी साखळी ती. मी खूण करायला वाकलो की तुझ्याकडचं टोक ढिलं पडायचं. चार वेळा पडलं. पाचव्या वेळी मी वैतागलो.

"अक्का, हलू नको."

"मी कुठं हलतेय," तू म्हणालीस. "जमीन हलतेय."

मला वाटलं तुला ऊन लागलं. मी साखळी टाकून विहिरीवर पाणी आणायला पळालो. परत येऊन बघतो तर तू बांधावर बसून पदरानं डोळे पुसत हसत होतीस. मग तांब्या रिकामा करून तू मला खंडवहन सांगितलंस. सगळी जमीन एके काळी एकाच ठिकाणी होती म्हणे, एकाला एक लागून. मग तिला भेगा पडल्या आणि तुकडे निघाले आपापल्या वाटेनं. आपला तुकडा आफ्रिकेला चिकटलेला होता, तो सुटून एकटाच उत्तरेला निघाला, वाटेत समुद्र ओलांडला आणि आशियाला येऊन धडकला. त्या धडकेनं हिमालय वर आला. आणि अजून थांबलेला नाही, म्हणालीस, वर्षाला तीन बोटं पुढे सरकतोच आहे.

हे तू शाळेत पोरांना शिकवतेस, असं मी विचारलं. परीक्षेला येतं, तू म्हणालीस.

माझं म्हणणं साधं होतं. जमीन सरकत असेल तर माझं खातं कशाला पाहिजे? गावाच्या शिवेचे दगड इंग्रजांच्या काळापासून जिथल्या तिथं आहेत. जुन्या नकाशावरचा आकडा आणि आज मोजलेला आकडा मी ताडून पाहिलाय, दोन्ही एकच येतात. तू म्हणालीस, एसटीत मी बसले, माझ्या शेजारी तू बसलास. सावद्याहून जळगाव येईस्तोवर आपल्या दोघांमधलं अंतर बदललं का? नाही ना? मग गाडी चाललीच नाही असं म्हणशील का? मी म्हटलं की ही सगळी तोंडाची मोजणी आहे. त्या दिवशी आबांचं शेत अर्धंच मोजून झालं.

तीन बोटांवर मात्र माझे कान टवकारले होते, हे तेव्हा कबूल केलं नाही. आमच्या कामात निम्मी भांडणं त्या तीन बोटांचीच. शेजारी मोठा बांध तोडत नाही कधी. नांगरताना फाळ जरासा आत घालतो, दर साली थोडं थोडं, आणि दहा-बारा वर्षांनी समोरच्याला कळतं की आपल्या कपाशीची एक ओळ त्याच्या शेतात उभी आहे. बांध कोरणं म्हणतात त्याला. मी हे सांगितलं तशी तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. पोरांच्या डोक्यात जे शिरत नव्हतं ते तुझ्या भांडकुदळ शेतकऱ्यांनी सोपं करून दिलं, म्हणालीस. सुट्टी संपल्यावर धरणगावच्या तुझ्या वर्गात भारत हा आशियाचा बांध कोरणारा शेजारी झाला तो तू निवृत्त होईपर्यंत तसाच राहिला.

मग मी दुसरा प्रश्न काढला. एवढी जमीन ढकलतं कोण? मला वाटलं आता गप्प बसशील. पण तू उलट खूश झालीस. ज्यानं हे सगळ्यांत आधी ठासून मांडलं त्यालाही लोकांनी हेच विचारलं होतं, म्हणालीस. तो हवामानाचा अभ्यास करणारा माणूस, जमिनीच्या मंडळींनी त्याला हसून वाटेला लावलं. त्याच्याजवळ जुळणारे किनारे होते, समुद्राच्या दोन्ही काठांना सापडलेले एकाच जातीच्या झाडांचे ठसे होते, पण ढकलणारा सापडला नव्हता. तो बिचारा गेला, आणि पुष्कळ वर्षांनी समुद्राच्या तळाशी पाहिल्यावर लोकांना पटलं. हे सांगताना तुझा आवाज जरा खाली आला होता. त्या माणसाचं तुला फार वाईट वाटायचं. मी नंतर कधीतरी गमतीनं म्हटलंही होतं की अक्का, तो तुझ्या सासरचा कोणी लागत होता का.

ढकलणारा तू मला चुलीवर दाखवलास. दूध तापत होतं, वर साय धरली होती. आच मोठी केल्यावर मधून दूध उसळलं, सायीला चीर पडली आणि दोन्ही भाग पातेल्याच्या कडेकडे सरकले. एका बाजूची साय काठाला अडून तिच्या घड्या पडल्या. तो हिमालय, तू बोट दाखवून म्हणालीस. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि आईनं आपल्या दोघांना स्वयंपाकघरातून हाकलून दिलं. दूध उतू जाऊ देणारी भूगोलाची बाई पहिल्यांदाच पाहिली, असं ती शेजारणीला सांगत होती.

तुझ्या पेपरांची एक गोष्ट मी अजून लोकांना सांगतो. कपाशीचं गाव, त्या साली पावसानं मोठा खंड दिलेला. तू परीक्षेत विचारलंस, खंडवहन म्हणजे काय? एका मुलीनं लिहिलं की पावसाचा खंड पडला म्हणजे आई आणि बाबा विहिरीवरून डोक्यावर पाणी वाहून कपाशीला घालतात, त्याला खंडवहन म्हणतात. दोन गुणांचा प्रश्न. तू तिला एक दिलास. मी त्या आठवड्यात तुझ्याकडे मुक्कामाला होतो, मी म्हटलं शून्य. उत्तर चूक आहे तर चूक आहे, एक कसला? तू म्हणालीस की तिनं खंड म्हणजे काय ते बरोबर सांगितलंय आणि वहन म्हणजे काय तेही बरोबर सांगितलंय, फक्त कुठला खंड ते चुकलंय. त्यावर आपण जेवण होईपर्यंत भांडलो. दाजी शेवटी ताट उचलून उठून गेले. आज मला वाटतं मीच तिला दोन दिले असते. हे तू ऐकायला हवं होतंस, कारण मी कुणाला वाढवून गुण देईन असं तुला स्वप्नातही वाटलं नसतं.

सरकण्यावरून तुला चिडवायची एक जागा मला सापडली होती. सावद्याहून गेलीस तेव्हा तू आपल्यासारखीच बोलायचीस, मले, तुले, केळीला केयी. दोन-तीन वर्षांत आखाजीला आलीस आणि आबांनी कसं काय विचारलं तर म्हणालीस, "बठ्ठं बरं शे." सगळं बरं आहे, धरणगावकडच्या बोलीत. आबांनी माझ्याकडे पाहिलं. "आपली पोर तिकडलीच झाली रे," ते म्हणाले. हसले, पण मग उठून उगाच गोठ्यात जाऊन आले. मी तुला म्हटलं, खंडवहन खरं आहे हे पटलं मला, तू पुरावा आहेस. तू लाजलीस. म्हणालीस की वर्गात पोरं तसंच बोलतात, त्यांच्यासारखं बोलल्याशिवाय त्यांना शिकवणार कसं? एक मुलगा तुला रडवेला होऊन विचारत होता म्हणे, "बाई, जमीन सरकस तं आपलं गाव कथा जाई?" गाव कुठं जाईल म्हणून, आणि तू त्याला सांगितलंस, "गाव बी संगेच येस." गावही बरोबरच येतं. हे मला तू असं सहज सांगून टाकलंस आणि आंबा चोखायला लागलीस.

धुळ्याला माझी बदली झाली तेव्हा तू एकदाच आलीस. साक्रीच्या रस्त्याला माळावर काळ्या दगडांच्या सरळ भिंती दिसतात, मैल मैल लांब, कुणी बांधल्यासारख्या. मी तुला ऐटीत सांगितलं की आम्हाला त्यांचा फार उपयोग होतो, त्या कुठं सरकत नाहीत, त्यांच्यावरून खूण धरता येते. तू एसटीतून उतरायलाच लावलंस. उन्हातून चालत जाऊन त्या दगडाला हात लावलास. सांगितलंस की जमिनीला भेगा पडल्या त्यातून खालचा तापलेला रस वर आला आणि तिथंच थिजला. बाजूचा मऊ दगड झिजून गेला, हा कडक तेवढा उभा राहिला. आणि ज्या आगीवरून आपण तेव्हा जात होतो ती जागा आता दूर दक्षिणेला समुद्रात आहे, आपण पुढे निघून आलो. दगड चटका बसेल इतका तापला होता, तरी तू हात काढला नाहीस. "भेगा होत्या, त्याच भिंती झाल्या बघ," म्हणालीस. पुढची एसटी दोन तासांनी मिळाली. मी वाटभर कुरकुर केली.

आता ते सांगतो जे टाळत आलोय.

आबा गेल्यावर शेत माझ्या नावावर करायचं होतं. बहिणीचं हक्कसोडपत्र करून घेतात तशी मीही तयारी केली. सगळेच करतात, असं मी स्वतःला सांगितलं. तुला विचारलंसुद्धा नाही, अक्का. फोन करून तारीख कळवली. रावेरच्या नोंदणी कचेरीत आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन ये, एवढंच. तू पहिल्या गाडीनं आलीस. येताना माझ्यासाठी गूळपापडी आणलीस. कुठं सही करायची ते मी बोटानं दाखवत होतो आणि तू तुझ्या त्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात नाव लिहीत होतीस. बाहेर पायरीवर आल्यावर तू चप्पल घालता घालता विचारलंस, "माझा बांध कुठून गेला असता रे?"

मी जन्मभर दुसऱ्यांच्या वाटण्या आखल्या. ज्यांची तोंडं पाहायची इच्छा होत नाही अशा माणसांसाठी चिखलात उभं राहून रेघा काढल्या. तुला त्या वेळी एका कागदावर एक रेघ काढून दाखवली असती तर माझं काय गेलं असतं? मी म्हणालो, "आता कशाला पाहिजे? झाली ना सही."

तू म्हणालीस, सहज विचारलं, भूगोलाची बाई आहे ना. मग आपण रसवंतीत उसाचा रस प्यायलो.

पुढच्या आखाजीला तू आली नाहीस. पेपर तपासायचे आहेत म्हणालीस. त्याच्या पुढच्या साली गुडघे. तिसऱ्या साली तुझ्या लेकीकडे, वैशालीकडे काही होतं. तीन आखाज्या खंड पडला. फोनवर तू नेहमीसारखीच बोलायचीस, केळीचं विचारायचीस, भावजयीच्या तब्येतीचं विचारायचीस. तुझ्या बोलण्यात कुठं चीर दिसत नव्हती आणि मी काही ती शोधायलाही गेलो नाही. खरं सांगू? तू नाही आलीस याचं मला बरंही वाटायचं, आणि त्या बऱ्या वाटण्याची मग दिवसभर लाज वाटायची. अंगणातला झोका दर साली बांधला जायचा. तुझी भावजय खापरावरच्या पुरणपोळ्या करायची, त्यातल्या दोन तुझ्या म्हणून बाजूला काढायची आणि संध्याकाळी कुणाला तरी देऊन टाकायची.  

माझ्या नोकरीची शेवटची वर्षं राहिली आणि खात्यात नवी यंत्रं आली. साखळी गेली, फळीवरचा नकाशा गेला. काठीवर बसवलेलं यंत्र आकाशातल्या उपग्रहांशी बोलतं आणि आपण उभे आहोत ती जागा बोटभर फरकानं सांगतं. आम्हा म्हाताऱ्यांना शिकवायला एक पोरगेला साहेब आला होता. तो बोलता बोलता म्हणाला की आकडा लिहिताना तो कोणत्या वर्षाचा तेही लिहायचं, कारण वरून पाहिलं तर आपला सगळा देशच दर वर्षी पाचेक सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी पेन खाली ठेवलं. हाताची तीन बोटं जवळ धरून पट्टीवर मोजून पाहिली.

बाहेर येऊन तुला फोन लावला. जमीन सरकते, मी म्हटलं. तू कोण बोलतंय असं विचारलंस, माझा आवाज ओळखूनही. मग किती सरकते म्हणून विचारलंस. तीन बोटं, मी म्हटलं.  

"पस्तीस वर्षं मी सांगत होते," तू म्हणालीस. "आणि पटलं कुणाचं, तर काठीवरच्या डबीचं."

त्या साली तू आखाजीला आलीस. गुडघे दुखतच होते, तरी झोक्यावर बसलीस. मला हरवल्याच्या आनंदात तू गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन ते सांगितलंस. मीही हरण्यात कमीपणा मानला नाही, कारण मला ती मांडवली वाटली होती. जमिनीचा एक वाद मी तुझ्या बाजूनं सोडला, आता दुसऱ्याचं बोलायची गरज नाही, असा माझा हिशेब. असा सोयीचा हिशेब माझ्यासमोर आलेल्या कुठल्या शेतकऱ्यानं केला असता तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

फाल्गुनात तुला जळगावच्या दवाखान्यात ठेवलं. शेवटच्या दोन दिवसांत तुझी भाषा बदलली. वैशाली घाबरली, तिला कळेना आई असं काय बोलतेय. मला कळत होतं. तुझं शे आणि बठ्ठं निघून गेलं होतं, वर्गातली शुद्ध मराठीही गेली होती, आणि खालून आपलं सावद्याचं बोलणं वर आलं होतं, आईचं. मी उशाशी बसलो होतो. तू डोळे न उघडता विचारलंस, "भाऊ, केयीले पानी दिलं का?"

दिलं, मी म्हटलं.

मग तू हात चाचपडून माझा हात धरलास. तेव्हा बोलायचं होतं. शब्दही तयार होते, अक्का, तुझा बांध चिंचेपासून गेला असता, नाल्यापर्यंत, सरळ. एवढंच सांगायचं होतं. मी सांगितलं काय, तर यंदा घड चांगले पडलेत आणि व्यापारी दोनदा बाग पाहून गेला. तू मान हलवलीस. मला माझ्या बाकी कशाचा इतका राग येत नाही जितका त्या केळीच्या घडांचा येतो.

तू गेल्यावर ही पहिली आखाजी. लेक माहेरी यायची ती यावी म्हणून तुझ्या भावजयीनं वैशालीला बोलावून घेतलं. ती आली. झोक्यावर बसली नाही, पण पोळी खाल्ली. जेवणं झाल्यावर मी तिला सरळ सांगितलं की तुझ्या आईचा अर्धा हिस्सा मी तुझ्या नावे बक्षीसपत्र करून देणार आहे. तुझी भावजय भांडी घासत होती, ती तिथूनच म्हणाली की हे आठ वर्षं आधी सुचायला पाहिजे होतं. वैशाली म्हणाली, "मामा, मी आखाजीला आले, जमिनीला नाही आले." नको असं मात्र ती म्हणाली नाही. मग पर्समधून तिनं एक घडी केलेला कागद काढला. तुझ्या कपाटात सापडला होता म्हणे.

तो तुझ्या परीक्षेतला जगाचा आराखडा होता, नकाशा भरा या प्रश्नाचा. उलटून पाहिलं तर मागे पेन्सिलीनं आपलं शेत. वर उत्तरेचा बाण, खाली प्रमाण, चिंच, नाला, विहीर, सगळं तुझ्या शिस्तीनं. मधून एक रेघ. रेघेच्या एका बाजूला लिहिलं होतं भाऊ. दुसऱ्या बाजूला मी.

कागद कडेला पिवळा पडला होता. म्हणजे पायरीवर मी दिलं नाही ते उत्तर तू घरी जाऊन स्वतःच काढलं होतंस.

मी काय केलं असेल सांग. चष्मा लावला आणि चूक काढली. चिंचेपासून रेघ बरोबर निघाली होती, पण खाली जाऊन तिला बाक आला होता. तुझ्या आईला सरळ रेघ कधी आली नाही, असं मी वैशालीला म्हटलंसुद्धा. 

आखाजीला माती उकरायची नाही, म्हणून काल सकाळी आम्ही शेतात गेलो. माझ्याजवळ आता खात्याचं यंत्र नाही, साधी टेप आहे. तुझा कागद हातात धरून मी तुझ्या रेघेनं चालत निघालो. चिंचेपासून केळीच्या ओळींमधून सरळ, सरळ, आणि मग बाक आला ती जागा आली. तिथं विहीर आहे. तुझी रेघ विहिरीपाशी येऊन वळली होती, कठड्याच्या बाहेरून, मोटारीच्या खोलीला वळसा घालून पुन्हा नाल्याकडे गेली होती. विहीर माझ्याकडे. त्याच्या बदल्यात तू दुसरीकडे कुठं काही घेतलेलं नव्हतं. मी मनात क्षेत्र काढलं, सवयीनं. तुझ्या बाजूला बरंच कमी येत होतं.

सही करून झाल्यावर, अक्का. काही मिळणार नाही हे माहीत असताना, कागदावरच्या खोट्या वाटणीतही तू माझं पाणी तोडलं नाहीस. मी तिथं उभा राहून रडलो. वैशाली पाठ करून केळीची पानं बघत राहिली.

आता ऐक. पस्तीस वर्षांचा वाद मी हरलो, पण हा हरणार नाही. तुझी वळणाची रेघ मला मान्य नाही. रेघ सरळ जाईल, चिंचेपासून नाल्यापर्यंत, विहिरीच्या मधोमध, आणि पाणी दोन्हीकडे पाळीनं जाईल. मी मोजणीदार आहे, तू भूगोलाची बाई आहेस. वाटणी मला कळते. बोल आता काय बोलायचं ते.

मी वैशालीला टेपचं टोक दिलं आणि चिंचेशी उभं केलं. मी दुसरं टोक घेऊन ओळीत शिरलो. ऊन चढलं होतं. तिनं ओढणी डोक्यावर घेतली. खुंटी ठोकायला वाकलो तशी टेप जराशी ढिली पडली, आणि चाळीस वर्षांची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "हलू नको."

केळीच्या पलीकडून तिचा आवाज आला.

"मी कुठं हलतेय, मामा. जमीन हलतेय."

तू घरी सांगितलं असणार ते. कितीदा सांगितलं असशील, तिच्या तोंडात ते तुझ्याच चालीत बसलं होतं. मला पुढची खुंटी ठोकता येईना. मी बांध होणार आहे त्या जागेवर, तिथंच मातीत बसून घेतलं. तिला मी दिसत नव्हतो. पण तिनं टोक सोडलं नाही, मी उठेपर्यंत टेप ताणून धरली.